कुंदे, तुला माहीत होतं

कुंदे, त्यांनी तुझा फोटो चुकीचा लावलाय.

तेराव्याला तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शिरले आणि समोर तोच दिसला. गेल्या गणपतीतला. गाल इतके फुगलेले की डोळ्यांना जागाच उरलेली नाही, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी, कातडी लालसर आणि तुकतुकीत, जशी काही आतून कुणी हवा भरली आहे. शेजारच्या खुर्चीवरची बाई मला म्हणाली, "शेवटी शेवटी तब्येत काय मस्त झाली होती ना बाईंची!" असा चेहरा मी दर वर्षी वर्गात पडद्यावर दाखवायचे. डोळ्यांवर काळी पट्टी मारलेला कुणीतरी पेशंट असायचा. स्टिरॉइड जास्त झालं की माणसाची चरबी जागा सोडून तोंडावर, मानेवर, पोटावर येऊन बसते, चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल होतो, असं सांगायचे आणि पोरं खिदळायची. आता त्या चेहऱ्याला झेंडूचा हार घातला होता आणि खाली उदबत्ती लावली होती.

तुझा चेहरा लांबुडका होता गं. गालाची हाडं वर आलेली, रागावलीस की आणखी वर यायची. घाटकोपरच्या आपल्या कॉलेजात मी पहिल्यांदा स्टाफरूममध्ये आले तेव्हा तू त्याच चेहऱ्याने विचारलं होतंस, "झूलॉजी का? म्हणजे बेडूक फाडणार आणि हार्मोन्स आम्ही केमिस्ट्रीवाल्यांनी शिकवायचे." मी म्हटलं, हार्मोन शरीरात काय करतं ते आम्हीच शिकवतो. तू म्हणालीस, "ते काय करतं हे त्याच्या रचनेत लिहिलेलं असतं. रचना कळली की काम कळलं." ते भांडण तेव्हा सुरू झालं आणि तू गेलीस तरी मिटलं नाही.

बायोकेमिस्ट्रीच्या पोरांना शिकवायचा स्टिरॉइड हार्मोन्सचा भाग आपण दोघींनी वाटून घेतला होता. रचना तुझी, काम माझं. तू फळ्यापाशी जायचीस आणि फळ्यावरून खडू न उचलता एका दमात चार कडी काढायचीस. तीन सहा कोनांची, चौथं पाच कोनांचं, एकमेकांना चिकटलेली. मग मागे वळून म्हणायचीस, "हा सांगाडा. कोलेस्टेरॉलपासून येतो, त्याच कोलेस्टेरॉलपासून ज्याला तुमचे आईबाबा घाबरतात. आता बघा, जगातली सगळी भांडणं या सांगाड्याला काय लटकवलंय त्यावर आहेत." मग टेस्टोस्टेरॉन काढायचीस. डस्टरने एक कार्बन पुसायचीस, पहिल्या कड्यात दुहेरी बंध भरायचीस आणि एस्ट्रॅडायोल तयार. "झालं. एवढ्यावर मिशी फुटते नाहीतर पाळी येते." मागच्या बाकांवरून शिट्ट्या यायच्या आणि तू ढिम्म.

मी दाराशी उभी राहून ऐकायचे, कारण पुढचा तास माझा. पोरांना सांगायची माझी पहिली गोष्ट ठरलेली असायची: बाईंनी काढलं ते बरोबर, पण हा रेणू नुसता रक्तात फिरून काही करत नाही. तो स्निग्ध असतो, म्हणून पेशीच्या दारावर थांबत नाही, थेट आत शिरतो. आत त्याला ओळखणारं प्रथिन असेल तर दोघं मिळून केंद्रकात जातात आणि कुठली जनुकं चालू, कुठली बंद, ते ठरवतात. ओळखणारं कुणी नसेल तर काही घडत नाही. स्टाफरूममध्ये आल्यावर तू म्हणायचीस, "माझ्या रचनेची वाट लावलीस आज." आणि माझ्या डब्यातली भाजी न विचारता घ्यायचीस.

मी तुझी किती ऋणी आहे ते आज लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मला आज राग आहे, किळस आहे, आणि त्यात उपकार आठवले की दोन्हींची चव जाते. पण माझ्या लेकीचं, सईचं लिहिल्याशिवाय पुढचं कुणाला कळणार नाही.

सई सातव्या महिन्यातच यायला निघाली होती. डॉक्टरांनी मला बीटामेथासोनची, म्हणजे स्टिरॉइडचीच, इंजेक्शनं लिहून दिली. मी घाबरून रडत होते. नवरा बाहेर औषधांच्या दुकानात गेलेला, आणि तू कॉलेज सोडून आली होतीस. तू पलंगाच्या कडेला बसून माझ्या केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर ती चार कडी काढलीस. "हे तुझ्यात जाईल, तुझ्यातून तिच्यात. तिची फुप्फुसं अजून चिकटलेली आहेत, हे त्यांना पिकवेल. बाहेर आली की श्वास घेईल बघ." नर्स ओरडली, केसपेपरवर काय गिरवताय म्हणून. सई बाहेर आली तेव्हा मूठभर होती, पण रडली. तुझा त्या रेणूवरचा विश्वास मी तेव्हा बघितला, आणि तो खोटा नव्हता.

म्हणूनच मला कळत नाही, कुंदे, की तू एवढी घाण कशी पत्करलीस.

निवृत्त झाल्यावर तुझी बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ वळेना. तुमच्या मुलुंडच्याच डॉक्टरांनी निदान केलं, आमवात. त्यांनी दिलेल्या गोळ्यांना गुण यायला वेळ लागणार होता, तोवर थोडं स्टिरॉइड तेही देत होते, पण मोजून, आणि हळूहळू उतरवत. तुला ते उतरवणंच मानवेना. डोस कमी झाला की दुखणं वाढायचं. डॉक्टर वाढवून देईनात. तू त्यांना म्हणालीस, "मी हे तीस वर्षं शिकवलंय." ते म्हणाले, "मग मी का देत नाही हे तुम्हाला जास्त कळायला हवं." तू मला हे सांगताना हसत होतीस, पण त्यानंतर त्यांच्याकडे गेली नाहीस.

मग तो वैद्यबुवा. दर गुरुवारी मुलुंड पश्चिमेला एका लग्नाच्या हॉलमध्ये बसायचा. तू मला एकदा सोबत नेलंस. आत सुंठीचा, हिंगाचा आणि घामाचा वास कोंडला होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर वाकलेली, काठ्या टेकवलेली माणसं, आणि तो समोर टेबलामागे, बोटांत अंगठ्या, येईल त्या बाईला "आई" म्हणत. तुझी नाडी बघताना त्याचा ओला हात बराच वेळ तुझ्या मनगटावर होता. मग त्याने तपकिरी पुड्यांचा गठ्ठा पुढे केला. "शुद्ध वनस्पती, आई. आमच्या आजोबांपासून चालत आलेलं." बाहेर पडल्यावर मी म्हटलं, हा माणूस मला पटत नाही. तू म्हणालीस, "मलाही नाही. सुंठ आहे, घेऊन बघू."

आठवडा झाला नसेल, तुझा फोन आला. "रेखा, मी आज पोळ्या लाटल्या." तुझ्या आवाजात इतका आनंद होता की मीही खूश झाले. मग तू जिने चढायला लागलीस. बाजारात चालत जायला लागलीस. खूप बोलायला लागलीस, खूप खायला लागलीस. जेवण झाल्यावर पातेल्यातला उरलेला भात उभ्या उभ्या हाताने खायचीस. तोंड गोल झालं. हनुवटीवर लव आली. दंडाची कातडी भिजवलेल्या पापडासारखी पातळ झाली, नुसतं दाराला घासलं तरी जांभळे डाग पडायचे. हे सगळं मी बघत होते आणि तुला सांगत होते. "कुंदे, हे माझ्या स्लाइडमधलं आहे." तू म्हणायचीस, "वयाचं आहे."

आणि तुमची अख्खी इमारत तुला बघत होती. काल जिला जिना चढवत नव्हता ती आज खाली येऊन भाजी घेते, म्हटल्यावर बायका विचारणारच. पहिल्या सावंतकाकू, तुझ्या खालच्या मजल्यावरच्या. गुडघे गेलेल्या, साखरही आहे. मग दुसऱ्या विंगमधल्या देसाईबाई, मग त्यांच्या जाऊबाई. गुरुवारी तुमच्या गेटवरून रिक्षा भरून जायची. मला कळलं तेव्हा मी सावंतकाकूंच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, काकू, या पुडीत इंग्रजी औषध मिसळलं असावं, तुमच्या साखरेला चालणार नाही. त्या माझ्याकडे कीव केल्यासारखं बघून म्हणाल्या, "अहो, आमच्या कुंदाबाई स्वतः घेतात ना! त्या केमिस्ट्रीच्या. तुम्ही प्राण्यांच्या."

मी तशीच वर आले, तुझ्या स्वयंपाकघरात. तू शेंगदाणे भाजत होतीस. मी म्हटलं, मला दोन पुड्या दे, कुठल्यातरी लॅबमध्ये तपासून आणते. तेव्हा तू गॅस बंद केलास आणि जे बोललीस ते मी अजून गिळू शकलेले नाही.

"नको आणूस. मी तपासलंय. प्लेट चालवली आहे."

"कधी?"

"दुसऱ्याच महिन्यात. आपल्याच कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन. पुडीचा अर्क एका ठिपक्यात, शेजारी दुकानातली डेक्सामेथासोनची, स्टिरॉइडची गोळी." मग तुझा चेहरा उजळला, कुंदे. तो सुजलेला चेहरा लॅबमधल्यासारखा उजळला. "द्रावण काय सुंदर चढलं गं! दोन्ही डाग एकाच उंचीवर, अगदी शेजारी शेजारी, म्हणजे दोन्हीत एकच. मी पोरांना दाखवायला हवं होतं असं वाटलं."

मी खाली बसले. तूच बोलत राहिलीस. "तुझ्या सईला जे दिलं तेच आहे. सोळाव्या कार्बनवरचा मिथाइल गट तिथे वर होता, इथे खाली आहे, एवढाच फरक. तेव्हा तुला चाललं."

"तेव्हा दोन दिवस दिलं होतं! डॉक्टरने! कुंदे, तू हे रोज खातेस, किती आहे ते माहीत नाही, एका पुडीत एक गोळी, दुसरीत तीन असतील. तुझ्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी झोपल्या असतील एव्हाना. बाहेरून एवढं येतंय म्हटल्यावर मेंदू त्यांना हाकच मारणार नाही."

"मला ते माहीत आहे."

"माहीत आहे आणि घेतेस?"

"रेखा," तू म्हणालीस, आणि बोटं माझ्यासमोर उघडून मिटून दाखवलीस, "मी तीस वर्षं हा रेणू फळ्यावर काढला. पहिल्यांदा त्याने माझ्यासाठी काहीतरी केलंय. माझं शरीर आहे. मी जाणून घेतेय."

इथपर्यंत मी समजू शकले असते. दुखणं माझं नव्हतं. तुझी मूठ माझी नव्हती. दुखण्याने पिळून निघालेलं माणूस काय निवडतं, त्यावर बोलायचा मला अधिकार नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी विचारलं, "आणि सावंतकाकू?"

तू गॅस पुन्हा लावलास. शेंगदाणे हलवायला लागलीस.

"त्यांनी मला विचारलं नाही काय आहे ते," तू म्हणालीस. "बरं वाटतं का विचारलं. मी हो म्हटलं."

कुंदे, त्या वाक्याची मला त्या क्षणी जी किळस आली ती अजून जिभेवर आहे. त्या बुवाची किळस सोपी होती. तो चोर आहे, चोरासारखा वागला. पण तू शिक्षिका होतीस. एकेका मार्कासाठी पोरांशी भांडायचीस, "अर्धवट खरं लिहिलंस तर शून्य देईन" म्हणायचीस. तू बरोबर तेवढंच खरं बोललीस जेवढ्याने पुडी विकली गेली. मी तुझ्या घरातून चहा न पिता निघाले. त्यानंतर आपण फोनवर बोलायचो, सईच्या लेकीचं, तुझ्या अमेयच्या ऑफिसचं. पुड्यांचं नाव काढलं की तू म्हणायचीस, "ठेवते." मी तुमच्या बायकांना पुन्हा सांगून पाहिलं. त्या हसल्या. देसाईबाई म्हणाल्या, तुमचं दोघींचं कॉलेजातलं जुनं वैर आहे म्हणे.

मग दिवाळीनंतर सावंतकाकूंचा अंगठा गेला.

पायाला साधी जखम झाली होती, चप्पल लागून. साखर आभाळाला भिडलेली, जखम भरेना, काळी पडली, पायाचा अंगठा कापावा लागला. तू त्यांना बघायला हॉस्पिटलात गेली होतीस. तूच मला फोनवर सांगितलंस, खूप हळू आवाजात, की पट्टी बदलत होते तेव्हा तू खोलीतच होतीस आणि तो वास, रेखा, तो वास. आणि काकू तुझा हात धरून म्हणाल्या, "बाई, एवढं झालं पण गुडघे बघा, तुमच्या कृपेने चालतेय." त्यांनी तिथल्या डॉक्टरांना पुड्यांचं सांगितलंच नव्हतं. आयुर्वेदिक, त्यात सांगायचं काय.

"मी बंद केल्या," तू म्हणालीस. "घरी आले आणि सगळ्या संडासात ओतल्या."

मी ओरडले. "एकदम? अगं, एकदम नाही! तुलाच माहीत आहे एकदम नाही! आत्ता चल तुझ्या डॉक्टरांकडे, ते हळूहळू उतरवतील."

"त्यांना काय सांगू?"

"जे आहे ते."

"म्हणजे मी प्लेट चालवली होती, ते?"

मी म्हटलं, हो, तेही. मी विचारलं, काकूंना सांगितलंस का? इमारतीत? तू म्हणालीस, "सांगते. थोडं बरं वाटू दे." आणि मग तोच जुना ताठा आवाजात आणून, "मला फिजिऑलॉजी शिकवू नकोस," आणि फोन ठेवलास.

मी दुसऱ्या दिवशी अमेयला ऑफिसात फोन केला. त्याला सांगितलं, आईला डॉक्टरकडे ने, ती स्टिरॉइड घेत होती. तो म्हणाला, "मावशी, ती फक्त आयुर्वेदिक घेते. आणि आता तेही बंद केलंय." त्याने तुला विचारलं असेल. तू काय उत्तर दिलंस ते मला आता कधीच कळणार नाही, पण तो तुला घेऊन गेला नाही, त्यावरून अंदाज येतो.

तुला ताप आला, उलट्या सुरू झाल्या. एरवी माणूस यातून उठतं. ताप आला, शरीरावर ताण आला की मूत्रपिंडांवरच्या त्या ग्रंथी कॉर्टिसोल ओततात आणि रक्तदाब सावरून धरतात. तुझ्या ग्रंथी झोपलेल्या होत्या. अमेयचा फोन आला तेव्हा तू बेशुद्ध होतीस. मी घाटकोपरहून रिक्षा केली. भांडुपपाशी ट्रॅफिकमध्ये अडकले तेव्हा रिक्षातूनच अमेयला ओरडून सांगत होते, डॉक्टरला फोन दे, डॉक्टरला फोन दे. तो आत जाऊ शकत नव्हता.

आयसीयूच्या बाहेर आलेली डॉक्टर सईपेक्षाही लहान होती. म्हणाली, सलाइन चालू आहे पण प्रेशर धरतच नाहीये, काही कळत नाही. मी एका दमात सांगितलं: डेक्सामेथासोन, वर्षभर, भेसळीच्या पुडीतून, एकदम बंद केलंय. ती पोर आत धावली. त्यांनी तुला हायड्रोकॉर्टिसोन दिलं. काचेतून मला ती बाटली दिसत होती. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसोलच गं, शरीराचं स्वतःचं, बाहेरचं काही न लटकवलेलं, तूही फळ्यावर काढायचीस ते. थोडा वेळ प्रेशर वर आलं. अमेयने माझा हात घट्ट धरला. पण तोवर जंतू रक्तात पसरले होते, आणि इतके दिवस पुड्यांनी तुझी लढायची ताकदही मारून ठेवली होती. दुसऱ्या दुपारी तू गेलीस.

आणि मग हा तेरावा. जिलबी, मसालेभात, अळूवडी. त्या फोटोकडे तोंड करून लोक जेवत होते. आणि तो आला, कुंदे. वैद्यबुवा. पांढरं धोतर, हातात सगळ्यात मोठा हार. अमेयच्या खांद्यावर तोच ओला हात ठेवला. मग कुणी न विचारता समोर उभा राहून बोलायला लागला. "कुंदाआई विदुषी होत्या. विज्ञानाच्या असूनही आपल्या परंपरेवर श्रद्धा. शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर चालत होत्या." बायकांनी डोळे पुसले. सावंतकाकू पायाला बँडेज बांधून खुर्चीत बसल्या होत्या. तो बोलणं संपवून त्यांच्यापाशी गेला, वाकला आणि खिशातून गठ्ठा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. तुझ्या तेराव्याला. जिलबीच्या ताटाशेजारी.

मी उठले. मला बोलायचं नव्हतं. तिथे बोलायचं म्हणजे तुझ्याबद्दल बोलावं लागणार, हे मला दिसत होतं. नुसतं पुडीत स्टिरॉइड आहे म्हटलं असतं तर पुन्हा तेच, केमिस्ट्रीच्या बाई स्वतः घेत होत्या. तुझं नाव राखायचं की त्या बायकांचे जीव, असा प्रश्न तू माझ्यापुढे टाकून गेलीस, त्याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

मी म्हटलं, "या पुडीत डेक्सामेथासोन आहे, स्टिरॉइड. कुंदाने स्वतः लॅबमध्ये तपासलं होतं. तिला माहीत होतं."

हॉलमध्ये चमचे थांबले. बुवा हसून म्हणाला, "ताई दुःखात आहेत." मी त्याच्याकडे बघितलंही नाही. बायकांना म्हटलं, "आणि आज घरी जाऊन फेकू नका. एकदम बंद केलं की काय होतं ते समोर हार घातलेल्या फोटोत आहे. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला, पुड्या घेऊन."

अमेय माझ्यापाशी आला. "मावशी, आज? तिच्या समोर? तिला माहीत होतं म्हणजे काय?"

"म्हणजे तिला माहीत होतं, बाळा."

"तुम्ही जा," तो म्हणाला. एरवी मला 'तू' म्हणणारा मुलगा. "प्लीज जा." मी चपला घालत होते तेव्हा मागून आवाज वाढलेले ऐकू आले, अमेयचा आणि बुवाचा. अमेय त्याला गचांडी धरून गेटबाहेर काढत होता. मला बरं वाटायला हवं होतं. मला फक्त त्या हाराचा वास आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी कुणी येणार नाही अशीच माझी खात्री होती. मी तुमच्या गेटपाशी उभी राहिले. आधी देसाईबाई आल्या, मग त्यांच्या जाऊबाई, मग मला नावाने माहीत नसलेल्या दोघी, आणि शेवटी सुनेच्या खांद्याला धरून सावंतकाकू. कुणी माझ्याशी नीट बोलत नव्हतं. पर्समध्ये पुड्या होत्या, रुमालात गुंडाळलेल्या. तीन रिक्षा केल्या, त्यांत सगळ्या जणी बाहेर तोंड करून बसल्या.

मी त्यांना तुझ्याच डॉक्टरांकडे नेलं, ज्यांच्याकडे जायचं तू सोडलं होतंस. त्यांनी प्रत्येकीचा चेहरा नुसता बघितला आणि मान खाली घातली. मग एकेकीचं प्रेशर, साखर, डोळे, दंडावरचे डाग. उतरवायचं कसं ते समजावून सांगितलं, ताप आला तर काय करायचं, कुठल्याही हॉस्पिटलात गेलात तर पहिलं वाक्य काय बोलायचं. देसाईबाई रडायला लागल्या. त्यांना धीर देऊन झाल्यावर डॉक्टरांनी सावंतकाकूंना विचारलं, "पण यात स्टिरॉइड आहे हे तुम्हाला कळलं कसं? माझ्याकडे येतात ते सगळं बिघडल्यावर येतात. आधी कुणी सांगतच नाही."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. त्याआधी काकू म्हणाल्या, "आमच्या कुंदाबाईंनी सांगितलं. शिकलेल्या होत्या ना. त्यांनी तपासलं आणि सांगितलं."

देसाईबाईंनी पदराने नाक पुसत मान हलवली. डॉक्टर म्हणाले, "फार चांगलं केलं त्यांनी. नाहीतर अवघड होतं."

काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं. एका दिवसात त्यांच्या मनात ते तसं बसलं होतं आणि त्या सुखाने त्यावर टेकून बसल्या होत्या, खुर्चीच्या पाठीवर टेकावं तशा. मी तोंड मिटलं. मी ते खोडलं नाही, कुंदे. कुणापाशीच खोडणार नाही.

पण तू सांगितलं नव्हतंस गं.